लग्नाच्या आठवडाभर आधी केलेला कागद

१७ जानेवारी १७७७ रोजी लंडनमधल्या पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये नवरदेवाला उचलून आणावं लागलं. चार दिवसांपूर्वी नवरीच्या अब्रूसाठी तो तलवारीने लढला होता, छातीत आणि मांडीत जखमा झाल्या होत्या, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि मरण्यापूर्वी एकदा तिचा नवरा म्हणवून घ्यावं एवढीच त्याची इच्छा होती. नवरी होती मेरी एलिनॉर बोज, स्ट्रॅथमोरच्या अर्लची विधवा, पाच मुलांची आई, अजून अठ्ठावीस पुरी न झालेली आणि इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत बायकांपैकी एक. मरायला टेकलेल्या माणसाची इच्छा तिने पुरी केली.

काही आठवड्यांत माणूस ठणठणीत बरा झाला.

अँड्र्यू रॉबिन्सन स्टोनी. आयर्लंडहून आलेला, लष्करात अर्ध्या पगारावर असलेला अधिकारी. याआधी त्याने न्यूकॅसलच्या एका कोळसा व्यापाऱ्याची मुलगी हॅना न्यूटन हिच्याशी लग्न केलं होतं. तिच्याकडेही भक्कम पैसा होता. लग्नानंतर काही वर्षांत ती बिचारी वारली आणि स्टोनी पुढच्या स्थळाच्या शोधात लंडनला पोचला.

माझा मुलगा नोकरीनिमित्त न्यूकॅसलला राहतो, त्यामुळे मेरीचं माहेर असलेलं गिबसाइड मला बघता आलं. डरवेंट नदीच्या काठावर, गर्द झाडीत लांबच लांब एक रस्ता जातो. त्याच्या एका टोकाला वडिलांनी बांधायला घेतलेलं चर्च, दुसऱ्या टोकाला जवळजवळ दीडशे फूट उंच खांब आणि त्यावर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. मधल्या बाजूला वाड्याच्या नुसत्या भिंती उरल्यात, छप्पर नाही. हे सगळं कोळशाच्या जिवावर उभं राहिलं. टाइन नदीच्या खोऱ्यातला कोळसा जहाजांनी लंडनला जायचा, लंडनच्या चुली आणि शेगड्या त्यावर पेटायच्या, आणि मेरीचे वडील जॉर्ज बोज त्या धंद्यातले बडे प्रस्थ होते. एकुलती एक मुलगी. तिला त्यांनी मुलाला शिकवावं तसं शिकवलं. ती अकरा वर्षांची असताना ते गेले. मृत्युपत्रात त्यांनी एक अट घालून ठेवली होती: मुलीशी जो लग्न करेल त्याने बोज हे आडनाव लावायचं. स्ट्रॅथमोरच्या अर्लनेही ते लावलं, स्टोनीनेही लावलं. नवऱ्याने बायकोचं आडनाव घ्यायचं हे ऐकून आपल्याकडे आजही भुवया उंचावतील. पण नाव तेवढं तिचं गेलं त्याच्याकडे, आणि नावाबरोबर बाकी सगळंच जायची सोय कायद्याने करून ठेवलेली होती.

तो कायदा आधी नीट समजून घेतला पाहिजे, कारण या गोष्टीतला खरा जोडीदार तोच आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लग्न झालं की कायद्याच्या लेखी नवरा-बायको ही एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची रोकड, दागदागिने, सामानसुमान सरळ त्याच्या मालकीचं. तिच्या जमिनीचं उत्पन्न त्याचं. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नाही, मृत्युपत्र करायचं तर त्याची परवानगी हवी, मुलांवर हक्क त्याचा. कुणाची तिजोरी फोडली तर फाशी होई त्या देशात. तीच तिजोरी लग्न करून घरी नेली तर लोक अभिनंदनाला येत. मग ज्याच्या खिशात काही नाही पण रूप आहे, गोड जीभ आहे, त्याने दुसरा कुठला धंदा करायचा?

स्टोनीने तो धंदा फार विचारपूर्वक केला. विधवा झालेल्या मेरीचं त्या वेळी जॉर्ज ग्रे नावाच्या माणसाशी नातं होतं, त्याच्याशी लग्न करायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं आणि ती त्याच्यापासून गरोदरही होती. इतक्यात ‘मॉर्निंग पोस्ट’ या वर्तमानपत्रात तिच्या वागण्यावर चिखल उडवणारे मजकूर येऊ लागले. कुणी तिची बाजू घेऊन लिही, कुणी तिला झोडपे. पुढे जे उलगडलं त्यावरून या दोन्ही बाजूंच्या लिखाणामागे स्टोनीच असल्याचं मानलं जातं. मग हाच स्टोनी तिचा कैवारी म्हणून पुढे झाला, संपादक रेव्हरंड हेन्री बेट याला त्याने आव्हान दिलं, आणि १३ जानेवारीच्या संध्याकाळी अॅडेल्फी टॅव्हर्नच्या बंद खोलीत ‘द्वंद्व’ झालं. दार उघडून लोक आत शिरले तेव्हा दोघेही जखमी. जखमा तपासणाऱ्या डॉक्टरांत जेसी फूट नावाचा शल्यविशारद होता. १८१० मध्ये स्टोनी मेल्यावर याच फूटने त्याच्या कारस्थानांचं चरित्र लिहून छापलं. तोवर तेहेतीस वर्षं उलटून गेली होती.

इथे बहुतेक लोक म्हणतात, एवढी शिकलेली बाई, तिला कळलं नाही? मला या प्रश्नाचा मनापासून राग येतो. एका माणसाने वर्तमानपत्र, डॉक्टर आणि संपादक हाताशी धरून नाटक रचलं, आणि जाब कुणाला विचारायचा तर जी फसली तिला! शिवाय ती काही डोळे मिटून बसलेली नव्हती. स्टोनीला ठाऊक नसलेली एक गोष्ट तिने करून ठेवली होती.

लग्नाच्या आठवडाभर आधी, ग्रेशी लग्न होणार असं गृहीत धरून, मेरीने वकिलांकडून एक विश्वस्तपत्र करून घेतलं. तिच्या मालमत्तेचं उत्पन्न विश्वस्तांच्या हाती राहील, ते फक्त तिच्या स्वतःच्या उपयोगासाठी असेल आणि होणाऱ्या नवऱ्याचा त्यावर अधिकार राहणार नाही. सामान्य कायदा बायकोला काही देत नसला तरी चॅन्सरी या न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या वेगळ्या न्यायालयात असा विश्वस्तनिधी मान्य होई. पैसेवाल्या घरातले बाप आपल्या मुलींसाठी असे कागद करत. मेरीचा बाप नव्हता, तिने स्वतःच केला. कुठल्याही प्रेमपत्रापेक्षा मला या कागदाचं मोल जास्त वाटतं. प्रेमात असताना तिने तो केला, आणि ज्या ग्रेवर प्रेम होतं त्याच्या संमतीने केला. विश्वास होता म्हणून कागद करू नये असं तिच्या मनात आलं नाही.

स्टोनीला हा कागद लग्नानंतर कळला. त्याच्यावर डोक्याएवढं कर्ज होतं, सावकार दाराशी बसलेले, आणि हातात आलेल्या संपत्तीला कुलूप! मे १७७७ मध्ये, लग्नाला चार महिने होतात न होतात तोच, त्याने तिच्याकडून तो कागद रद्द करणाऱ्या कागदावर सही घेतली. ती कशी घेतली ते पुढे साक्षीदारांनी कोर्टात सांगितलं. मारून, धमकावून, कोंडून.

मी आयुष्याची बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे या सहीपाशी मी वाचता वाचता थांबले. वडिलांकडून मिळालेला फ्लॅट नवऱ्याच्या धंद्यासाठी गहाण ठेवायला आलेली एक बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. निळी फुलांची साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. गहाणखत तिच्यापुढे ठेवलं तर तिने कागदाकडे पाहिलंच नाही, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कुठे करू?” त्याने बोट ठेवलं. इथे, इथे आणि मागच्या पानावर. मी म्हटलं, ताई, आधी मी मराठीत सांगते यात काय लिहिलंय ते. तो हसून म्हणाला, “मॅडम, घरातलीच गोष्ट आहे.” मी तरी सांगितलं, सगळं सांगितलं, हप्ते थकले तर राहतं घर जाईल हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि सही केली. त्या माणसाने हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. तरी त्या केबिनमध्ये ती नाही म्हणू शकेल अशी जागाच शिल्लक नव्हती.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सह्या करायला आलेल्या बहिणीही मी पाहिल्यात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मतः वाटा दिला. शहरालगतच्या गावांत जमिनीला सोन्याचा भाव आला आणि ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपलं तीही एकाएकी लाखोंची वारस झाली. लगेच तिच्यापाशी गोड बोलणारे वाढले. नवरा म्हणतो वाटा माग, भाऊ म्हणतो माहेर हवंय की जमीन. तिला काय हवंय ते विचारायला या गर्दीत कुणी येत नाही. भाऊबीजेची ओवाळणी आणि हक्कसोडपत्र यांचा सौदा मला तेव्हाही सहन झाला नाही, आताही होत नाही.

मेरीकडे परत येते. आठ वर्षं तिने ते घर सोसलं. स्टोनीने गिबसाइडची झाडं तोडायला काढली, निवडणूक लढवून तो न्यूकॅसलचा खासदार झाला, दिवाणखान्यात पाहुण्यांशी तो अत्यंत अदबीने वागे. घरात मेरीने कुणाला भेटायचं, काय खायचं, कुठले कपडे घालायचे हे त्याच्या मर्जीवर. त्याने तिला तिच्या गतआयुष्याचा ‘कबुलीजबाब’ लिहायला लावला. प्रेमप्रकरणं, गर्भपात, सगळं तिच्याच अक्षरात. असा कागद हाताशी असला की बाई कोर्टात गेली तरी तिचं तोंड बंद करता येईल, हा हिशोब.

तिचं खरं वेड वनस्पतींचं होतं. बार्नर्ड कॅसल गावातल्या बोज म्युझियममध्ये तिचं वनस्पतींसाठी बनवून घेतलेलं कपाट ठेवलेलं आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. लाकूडकाम नाजूक, वाळवलेले नमुने ठेवायला खण, आणि पाय आतून पोकळ, त्यांत शिशाच्या नळ्या. ते बनवणाऱ्या कारागिराला तिने एकेक गोष्ट समजावून सांगितली असणार. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या प्रदेशातून झाडं आणायला विल्यम पॅटर्सन नावाच्या तरुणाला तिने १७७७ मध्ये पाठवलं होतं. तोच तो लग्नाचा साल. त्याच्या खर्चाचे पैसे स्टोनीने पुढे अडवले. गिबसाइडला तिने परदेशी झाडांसाठी बांधलेल्या हरितगृहाच्या कमानी अजून उभ्या आहेत. श्रीमंत वारसदारणींच्या गोष्टींत संपत्तीचे आकडे असतात, पण त्या संपत्तीतून त्यांना काय करायचं होतं हे क्वचित कुणी सांगतं. हिला झाडं आणायची होती, ओळखायची होती, वाढवायची होती.

तिला बाहेर काढलं ते तिच्या मोलकरणींनी. १७८४ मध्ये मेरी मॉर्गन नावाची नवी दासी कामाला आली. मालकिणीच्या अंगावरचे वळ तिने पाहिले आणि इतरांसारखं तोंड फिरवलं नाही. ३ फेब्रुवारी १७८५ च्या रात्री स्टोनी बाहेर जेवायला गेला असताना मॉर्गन आणि तिच्या सोबतिणींनी पाळतीवरच्या नोकरांना चुकवून मेरीला घराबाहेर नेलं. तिच्याजवळ पैसे नव्हते. कोळशाच्या खाणींची मालकीण, आणि वकिलाची फी द्यायला दमडी नाही. गिबसाइडच्या कुळांनी, नोकरांनी तिला मदत केली. नोकरी जाईल, राहतं घर जाईल, खुद्द स्टोनी सूड घेईल हे समजून उमजून त्यांनी केली. ही माणसं मला या साऱ्या कहाणीत सगळ्यांत मोठी वाटतात.

घटस्फोटाचा दावा धर्मन्यायालयात चालू असताना स्टोनीने अखेरचा डाव टाकला. १० नोव्हेंबर १७८६ रोजी भर दिवसा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून त्याने तिला पळवलं. तिच्या रक्षणासाठी नेमलेल्या कॉन्स्टेबललाच त्याने आधी फितवलं होतं. बग्गीतून रात्रंदिवस उत्तरेकडे, स्ट्रीटलमच्या तिच्याच वाड्यात. दावा मागे घे, बायको म्हणून माझ्यासोबत राहायला तयार आहेस एवढं लिहून दे. ती एकदा जरी त्याच्यासोबत नांदली तरी दावा बुडाला असता. त्याने कपाळाला पिस्तूल लावलं. तिने सही केली नाही. बातमी पसरली तशी खाणकामगारांनी वाड्याला वेढा घातला, तेव्हा तो तिला घोड्यावर मागे बसवून बर्फातल्या डोंगराळ माळावरून पळत राहिला. आठवडाभराहून अधिक काळ हे चाललं. शेवटी आसपासच्या शेतकऱ्यांनीच त्याला घेरलं आणि धरलं. १७७७ च्या मे महिन्यात जिच्याकडून सही काढता आली होती त्याच बाईकडून या वेळी निघाली नाही.

अपहरणाबद्दल त्याला तीन वर्षांची कैद आणि ३०० पौंड दंड झाला. पण संपत्तीचा निकाल अजून व्हायचा होता, आणि तिथे स्टोनीने केलेला युक्तिवाद वाचून माझे हात थरथरले. त्याचं म्हणणं असं की, लग्नाआधीचं ते विश्वस्तपत्र माझ्यापासून लपवून केलं, त्यामुळे नवरा म्हणून माझ्या हक्कांची फसवणूक झाली! खोट्या जखमा दाखवून लग्न लावणारा माणूस फसवणुकीची तक्रार करत होता, आणि त्या काळच्या कायद्यात या तक्रारीला अर्थही होता. होणाऱ्या नवऱ्याला अंधारात ठेवून मालमत्ता बाजूला काढली तर तो व्यवहार रद्द होऊ शके. मेरी वाचली ती अशी, की कागद केला तेव्हा नियोजित वर ग्रे होता आणि त्याला तो माहीत होता. स्टोनीशी लग्न हे ध्यानीमनी नसताना घाईत झालं, ती घाई स्टोनीचीच. बळजबरीने घेतलेला रद्दपत्राचा कागद कोर्टाने मोडीत काढला, आणि १७८९ मध्ये लॉर्ड चॅन्सलर थर्लो यांनी मूळ विश्वस्तपत्र कायम केलं. घटस्फोटाचा अखेरचा निकालही त्याच वर्षी तिच्या बाजूने लागला. बारा वर्षांनी तिचं तिला मिळालं.

आणि लोक कुणाच्या बाजूने होते? आरंभी सहानुभूती होती, पण स्टोनीने तो ‘कबुलीजबाब’ कोर्टात काढला, पुढे १७९३ मध्ये छापूनही आला. गिलरेसारख्या नामांकित व्यंगचित्रकाराने तिची हीन चित्रं काढली. दारुडी, पोरांना टाकणारी, छिनाल. छळ झाल्याचं कुणी नाकारत नव्हतं, फक्त अशा बाईचा छळ झाला तर बिघडलं कुठे, असा सूर. पुढे कादंबरीकार थॅकरेने स्टोनीवरून आपल्या ‘बॅरी लिंडन’ या कादंबरीचा नायक उभा केला. जगाला आजही ओळख आहे ती त्या भामट्याची.

तिच्यासारख्या इतरही होत्या. ज्या आर्थर वेलस्लीने १८०३ मध्ये आपल्या असईला शिंद्यांच्या फौजेशी ती रक्तरंजित लढाई केली, त्याचा पुतण्या विल्यम याने १८१२ मध्ये कॅथरिन टिल्नी-लाँगशी लग्न केलं. तिला मागणी घालणाऱ्यांत एक राजपुत्रही होता, तिने याला निवडलं. दहा वर्षांत तो कर्जबाजारी होऊन परदेशी पळाला, वॉनस्टेड हाउस या तिच्या राजवाड्यासारख्या घरातल्या सामानाचा लिलाव महिनाभर चालला, मग ती वास्तूही दगडविटांच्या भावाने विकून पाडली, आणि १८२५ मध्ये कॅथरिन गेली. दुसऱ्याच वर्षी एडवर्ड गिबन वेकफील्डने एलन टर्नर या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीला आई आजारी असल्याच्या खोट्या निरोपावर शाळेतून नेलं आणि सरहद्दीपलीकडे स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला लग्न उरकलं. तिचं लग्न पार्लमेंटने कायदा करून रद्द केलं. वेकफील्ड तुरुंगात गेला आणि बाहेर येऊन न्यूझीलंडच्या वसाहतीचा शिल्पकार म्हणून इतिहासात मानाने बसला. एलन एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात वारली.

इंग्लंडच्या या गोष्टी वाचताना मला सारख्या आठवत होत्या त्या आपल्या रखमाबाई. त्यांची आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाली. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपे. म्हणून डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न करण्यापूर्वी जयंतीबाईंनी ती मालमत्ता आपल्या लहानग्या मुलीच्या नावे करून दिली. इथेही लग्नाआधीचाच कागद! रखमाबाईंचं अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागलं, त्या मात्र सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजीने नांदायला पाठवा म्हणून दावा लावला. दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्रांत भांडण झालं त्यात ही सुमारे पंचवीस हजारांची मालमत्ता पुन्हा पुन्हा आली. रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं, याचा डोळा तिच्यावर आहे. दादाजीचं म्हणणं, तिच्याचसाठी आई आणि आजोबा हिला सोडत नाहीत. मेरीबद्दल लंडनच्या वर्तमानपत्रांनी जे केलं तेच इथे झालं. ‘केसरी’ने रखमाबाईंवर टीकेची झोड उठवली.

हा नांदायला लावण्याचा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयातून आला होता. आणि ज्या १८८४ मध्ये दादाजीने तो मुंबईत लावला त्याच साली इंग्लंडने अशा दाव्यात नांदायला नकार देणाऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. मार्च १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी उभं आयुष्य रुग्णसेवा केली.

१८८२ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या विवाहितेला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगता येऊ लागली. मेरीला जाऊन तेव्हा बयाऐंशी वर्षं झाली होती. नांदायला लावण्याचा दावाही इंग्लंडने १९७० मध्ये मोडीत काढला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे, आणि आज दुपारीसुद्धा कुठल्या तरी कौटुंबिक न्यायालयात कुणी तरी तो लावत असेल.